गावाकडच्या जुन्या वाड्याचा इतिहास शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाच्या भाषेत शेतजमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. वाडा पांढरीवर उभा असतो, पण त्याची गोष्ट काळीत पुरलेली असते. तो का बांधला, कुणाच्या पैशानं बांधला आणि पुढं ओस का पडला, याची उत्तरं शेतसाऱ्याच्या, वतनाच्या (गावकामाबद्दल मिळालेल्या हक्काच्या) आणि कर्जाच्या कागदांत मिळतात. इंग्रजी अमलातल्या वाड्यांबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

1. आमचा वाडा पेशवेकालीन आहे असं घरात सांगतात. खरं असेल का?

असू शकतं. पण आज खेड्यापाड्यांत उभे असलेले बरेच वाडे 1818 नंतरचे, त्यातही 1860 ते 1930 या काळातले असतात. जुन्या जोत्यावर नवं घर उभं राहिल्याचीही पुष्कळ उदाहरणं दिसतात. दगडी चौथरा आणि तळघर आधीचं, वरची माडी नंतरची. त्यामुळे घरातली आठवण खोटी आहे असं लगेच म्हणू नये; ती फक्त जोत्यापुरती खरी असू शकते. वाडा इंग्रजी काळातला निघाला म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. उलट त्या काळाचे कागद जास्त शिल्लक आहेत, म्हणून त्याची हकीकत जास्त नीट सांगता येते. इमारतीवरून वय कसं ताडायचं ते प्रश्न 10 मध्ये आहे.

2. तलाठ्याकडे वाड्याचा सातबारा मागितला तर नाही म्हणाले. मग आमच्याकडे कागदच नाहीत का?

सातबारा शेतजमिनीचा असतो. गावठाणातल्या घराला तो नसतो. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहावा. ती घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पण जुनी आकारणी वही सापडली तर खण (दोन खांबांमधली जागा) किती, छप्पर कसलं, भोगवटा कुणाचा अशा नोंदी मिळू शकतात. मोठ्या गावात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका असते. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी सुरू झाली, त्यामुळे अनेक खेड्यांतल्या घरांना पहिल्यांदाच अशी पत्रिका मिळाली आहे. इतिहासासाठी मात्र ती फार अलीकडची.

घराचे कागद थोडे असतील तर त्याच कुटुंबाच्या शेताचे कागद काढा. घराची हकीकत बहुधा तिथेच हाती लागते.

3. सुरुवात नेमकी कुठून करायची?

आजच्या सातबाऱ्यापासून मागे जात राहायचं. त्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे एक घटना: कुणी वारलं, वाटणी झाली, जमीन विकली, कर्ज काढलं. एकेक फेरफार मागत मागत पहिल्या हक्कनोंदणीपर्यंत जाता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा आहे, आणि ती गावोगाव तयार व्हायला पुढची काही वर्षं गेली.

वाटेत एक अडथळा हमखास येतो, गट नंबरचा. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जुने सर्व्हे नंबर मोडून गट पाडले गेले. आज गट 212 म्हणतात ते शेत पूर्वी तीन वेगळ्या सर्व्हे नंबरांत असू शकतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्यावा. लोक इथेच अडकतात आणि ‘जुनं रेकॉर्ड नाही’ असं समजून परततात. रेकॉर्ड असतं, नंबर बदललेला असतो.

हक्कनोंदणीच्या मागे जायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक (शेतं आणि खातेदारांची जुनी यादी) आणि भूमी अभिलेखाकडे आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा), टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशेबाची वही) मागा. टिपण म्हणजे शेताचं हातानं काढलेलं मोजणीचं चित्र. त्यावर विहीर, झाड, वाट, कधी शेतातलं घरही दाखवलेलं असतं. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजेच लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. काही तालुक्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही स्कॅन करून ठेवलेले आहेत. खरेदीखतं आणि गहाणखतं दुय्यम निबंधकाकडे सूचीवरून शोधतात.

4. जुन्या उताऱ्यात ‘आणे’ सगळीकडे दिसतात. हे पैसे आहेत का?

कधी पैसे, कधी नाही. या एका शब्दानं फार गोंधळ केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साऱ्याच्या रकान्यात रुपये-आणे-पै असेल तर ते पैसेच: 16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा. क्षेत्राच्या रकान्यात एकर-गुंठे-आणे असेल तर ते माप आहे: 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा, 1089 चौरस फूट. नावासमोर ‘4 आणे’ असेल तर तो वाटा, म्हणजे चौथा हिस्सा; वाड्याच्या वाटणीत ‘2 आणे 8 पै’ दिसलं तर दचकू नका, तो सहावा हिस्सा आहे. चौथा अर्थ जमिनीच्या प्रतीचा. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जी नवी पाहणी सुरू केली, तिच्यात मातीचा रंग आणि खोली पाहून आण्यांत प्रतवारी लावत. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन. सोळा आणे खरं असं आपण अजून म्हणतो, त्यामागेही हाच पूर्णतेचा हिशेब आहे.

5. नावांमध्ये बिन, भ्र., अ.पा.क. अशी अक्षरं आहेत. ती काय सांगतात?

‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. बाईच्या नावापुढे येतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: वारस लहान आहे आणि त्याच्या वतीनं मोठं माणूस कारभार पाहतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणून एकच नाव दिसलं तरी मालक तो एकटाच होता असं धरू नये. ‘मयत’ समजतंच.

‘अ.पा.क.’ म्हणून आईचं नाव दिसलं की मी तिथे थांबतो. तरुण वयात नवरा गेलेली, पदरी लहान मुलं, भाऊबंदांचा डोळा जमिनीवर, आणि तिनं पंधरा-वीस वर्षं वाडा आणि शेत धरून ठेवलेलं. घरातल्या वंशावळीत बहुतेक वेळा तिचं नावच नसतं, पण फेरफारात असतं. वंशावळ नव्यानं लिहाल तेव्हा ही नावं आधी भरा.

6. कागद मोडी लिपीत आहेत. आता काय?

स्वतः शिका, किंवा जाणकाराकडून वाचून घ्या. अक्षरओळख महिन्याभरात होते, हस्तलिखित सराईतपणे वाचायला मात्र बराच सराव लागतो. इंग्रजी अमदानीतले महसुली कागद त्या मानानं सोपे: अनेकदा रकाने छापील बाळबोधीत (देवनागरीत) आणि मजकूर तेवढा मोडीत, शिवाय तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला तहसील कचेऱ्यांतली मोडी दप्तरं सोडली गेली, तेव्हापासून अनेक घरांतल्या पत्र्याच्या पेट्याही उघडल्या. एक कळकळीची विनंती: वाचता आलं नाही म्हणून कागद रद्दीत घालू नका, त्यावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या कोऱ्या वाटणाऱ्या बाजूलाच पुष्कळदा वसुलीचे शेरे असतात.

7. कागदावर इसवी सनच नाही. तारीख कशी काढायची?

शक असेल तर 78 मिळवा (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79). फसली असेल तर 590 किंवा 591. शुहूर सन असेल तर 599, आणि जानेवारी ते मे असेल तर 600. शुहूर सन मृगापासून सुरू होतो, आणि आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: 1161. पानिपतची लढाई याच सनातली. जानेवारी म्हणून 600 मिळवले की 1761 येतं.

तारीखच नसेल तर मुद्रांक पाहा. त्यावर व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड की पाचवा जॉर्ज, एवढ्यानं 1901 आणि 1910 या सीमा हाती लागतात.

8. आमच्याकडे इंग्रज सरकारची सनद आहे. त्यांनी आम्हाला जमीन बक्षीस दिली होती का?

बहुधा नाही. हा फार मोठा गैरसमज आहे. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि जुन्या इनामांची (साऱ्यात सूट असलेल्या जमिनींची) चौकशी झाली. ज्यांना हक्क सिद्ध करता आला नाही त्यांची इनामं गेली. त्या असंतोषानंतर 1863 चे समरी सेटलमेंटचे कायदे आले. ठरावीक जुडी-नजराणा (सवलतीचा सारा) भरायचा आणि इनाम कायम करून घ्यायचं. त्या वेळी वाटलेल्या सनदा घरोघरच्या पेट्यांत आहेत. म्हणजे सनद इंग्रजांची, पण जमीन त्याआधीपासून कुटुंबाकडे होती. मूळ देणगी कुणाची, कशासाठी, हे पाहायचं तर पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या, पेशवे दप्तर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात जावं लागतं. तिथे कागद रुमालांत बांधलेले आहेत. गाव, परगणा आणि घराण्याचं उपनाव घेऊन जा. नुसत्या आजच्या तालुक्यावरून शोध लागत नाही.

सनदेवर किंवा उताऱ्यावर वर्ग दिसला तर तोही टिपून घ्या. वर्ग 3 म्हणजे देवस्थान, 5 म्हणजे पाटील-कुलकर्णी, 6 म्हणजे गावचे कनिष्ठ नोकर.

9. पणजोबा पाटील होते. वाडा वतनात मिळाला का? आणि वतन गेलं कसं?

वतन म्हणजे काम आणि त्या कामाबद्दलची जमीन-मानपान. वाडा बहुधा स्वतः बांधलेला असतो, पण त्याची जागा, गावाच्या मधोमध किंवा वेशीजवळ, ही वतनाच्या मानाची असू शकते. 1874 च्या वतन कायद्यानं वतनी जमीन घराण्याबाहेर विकायला बंधन घातलं, म्हणून इतर शेतकऱ्यांची शेतं सावकाराकडे गेली तेव्हाही काही पाटील-कुलकर्ण्यांची टिकली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्येच कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्यानं. पोलीस पाटील आजही आहे, पण ते वतन नाही, नेमणूक आहे.

याच प्रश्नाला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी. पाटलाच्या वाड्याचा कारभार महार वतनावर चालत असे. सारा पोचवणं, सरकारी माणसांची सरबराई, गावाच्या शिवेची साक्ष, रात्री-अपरात्री निरोप घेऊन धावणं, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार द्यायची सोय नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते यासाठीच. कनिष्ठ वतनं प्रत्यक्षात 1958 च्या कायद्यानं संपली. वाड्याचा इतिहास लिहिताना दिंडी दरवाजाच्या आत कोण येत होतं, ओसरीपर्यंत कोण आणि उंबऱ्याबाहेर कुणाला उभं राहावं लागत होतं, हे लिहिलं नाही तर तो अर्धाच इतिहास होतो. महारवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्याकडे तुमच्या वाड्याची वेगळी आणि अनेकदा जास्त नेमकी आठवण असते.

10. इमारत पाहून वय ओळखता येतं का?

अंदाज येतो, पण एका खुणेवर विसंबू नये.

कौलांपासून सुरू करा. देशावर आधी धाबं (मातीचं सपाट छप्पर) किंवा थापीची, हातानं घडवलेली कौलं. यंत्रावरची मंगलोरी कौलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना 1860 च्या दशकातला. इथे एक फसगत होते. कौलावर 1865 असं साल असलं तरी ते कारखान्याच्या स्थापनेचं. कौल कितीही नंतरचं असू शकतं. ‘कॉमनवेल्थ’ हे नाव असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा मिशनचे कारखाने त्या नावाच्या कंपनीकडे गेले. शिवाय छप्पर शाकारताना कौलं बदलतात, त्यामुळे कौलाचं वय हे भिंतीचं वय नव्हे.

लोखंडी तुळईवर ‘टाटा’ असेल तर ती 1912 च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद बनायला लागलं ते त्या वर्षी. हातानं ठोकलेले चौकोनी खिळे जुने, तारेचे गोल खिळे नंतरचे. सिमेंट दिसलं तर ती बहुतेक 1920 नंतरची डागडुजी. पोरबंदरचा कारखाना 1914 च्या सुमाराचा. जुनी बांधणी दगडी घाण्यात मळलेल्या चुन्याची किंवा पांढऱ्या मातीची.

लाकूडही बोलतं. खणांची मोजणी सगळीकडे सारखी असेल तर घर एका दमात बांधलंय. मध्येच खण अरुंद झाला, खांबाचं तळखडं (खालचा दगड) वेगळं दिसलं, कडीपाटाचे (लाकडी तक्तपोशीचे) हात आखूड लागले, तर तिथून पुढचं काम दुसऱ्या पिढीचं समजा.

11. शेती कोरडवाहू, मग एवढा वाडा बांधायला पैसा आला कुठून?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

एक मोठं कारण कापूस. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेश-वऱ्हाडात भाव चढले. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. त्या काळात हाती पैसा आलेल्या घरांनी वाडे बांधले. युद्ध संपलं, भाव पडले आणि अनेकांच्या मागे कर्ज उरलं.

दुसरं कारण सावकारी. सारा रोखीत भरायचा, पीक येवो न येवो. शेतकऱ्यानं कर्ज काढायचं, ‘मुदत खरेदी’ लिहून द्यायची (म्हणजे अमुक दिवसांत पैसे फेडले नाहीत तर जमीन गेली) आणि पुढं आपल्याच शेतात कूळ म्हणून राबायचं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दारांवर गेले आणि कर्जखतं जाळली. तेच लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. तुमच्या कुटुंबाच्या नावावर 1860 ते 1880 मध्ये एकदम बरेच सर्व्हे नंबर चढलेले दिसले, तर त्या नोंदींच्या पलीकडे कुणाची तरी घरं मोडली होती का, हे प्रामाणिकपणे पाहावं. उत्तर अवघड निघालं तरी लिहावं.

12. गावात वाडा असताना पणजोबांनी मळ्यात वेगळं घर का बांधलं?

कारणं दोन-तीन असतात. 1896 ला प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो फिरत राहिला. उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. काहींच्या झोपड्यांची पुढं वस्ती झाली. दुसरं पाणी: कालवा आला, विहीर लागली, बागायत सुरू झाली की राखणीला माणूस लागतो. तिसरं भाऊबंदकी, हे सांगायला नको. मळ्यातल्या घरासाठी प्रश्न 3 मधलं टिपण आणि सातबारा दोन्ही उपयोगी, कारण ते घर काळीत आहे.

13. आम्ही कोकणातले / विदर्भातले / मराठवाड्यातले. हेच लागू होतं का?

थोडंच. कोकणात खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करी: 1880 चा खोती कायदा, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा 1933 पासूनचा प्रदीर्घ संप, आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा. तिथे खोताच्या दप्तरापासून सुरुवात करा. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरी. 1950 च्या मध्य प्रदेशच्या कायद्यानं ती संपली, म्हणून भंडारा-गोंदियातल्या तळ्यांना आजही मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. मालगुजाराच्या वाड्याबरोबर त्या तळ्याची नोंदही पाहा. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं, पण तिथे पद्धत मुंबईसारखी रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. मराठवाडा निजामाचा: कागद उर्दूत, सन फसली, आणि 1954-55 चं खासरा पत्रक (शेतवार नोंद) हा त्या कागदांतला आणि आजच्या सातबाऱ्यातला मधला दुवा.

14. 1957 नंतर बरीच जमीन आमच्या नावावरून गेली. लुबाडली का?

बहुधा कूळ कायदा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं खरेदीदार ठरलं. उताऱ्यावर ‘32 ग’ दिसेल. ती किंमत ठरवण्याची कारवाई, आणि ‘32 म’ हे खरेदीचं प्रमाणपत्र. वाड्यात राहणाऱ्यांना हा घाव वाटला हे खरं. पण त्या शेतात तीन-तीन पिढ्या राबलेल्यांची नावंही त्याच उताऱ्यात पहिल्यांदा मालक म्हणून चढली. दोन्ही बाजू एकाच पानावर असतात.

15. 1948 मध्ये वाडा जळला, सगळे कागद गेले. आता शोध संपला का?

नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक ब्राह्मण घरांचे कागद गेले, कुटुंबं शहरांत निघून गेली. पण घरात होत्या त्या बहुतेक प्रती होत्या. प्रश्न 3 आणि 8 मधली कार्यालयीन दप्तरं वेगळीच होती. शिवाय हिस्सेदार भाऊबंद, देवस्थानची वही आणि तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या वह्या यांत पिढ्यांची नावं मिळतात.

16. वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणतात. बळदात सोनं आहे म्हणतात.

भुयार म्हणून दाखवतात ते पुष्कळदा पेव निघतं, जमिनीखालचं धान्याचं कोठार. बळद ही भिंतीतली धान्याची जागा. दुष्काळ 1876 चा असो की 1899 चा, त्यात जीव वाचले ते अशा साठ्यांवर. सोन्याच्या नादानं भिंती फोडल्या की वाडा पावसाळ्यात बसतो. पेव उघडताना एक काळजी घ्या: बंद पेवात हवा विषारी असते आणि माणसं दगावतात. एकट्यानं कधीही उतरू नये.

17. वाटणी झाली, वाडा पाडायचं ठरलंय. निदान काय करून ठेवू?

आधी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला वाड्यात घेऊन जा आणि तिच्याबरोबर खोलीखोलीतून फिरा, फोन रेकॉर्डिंगवर ठेवून. बाळंतिणीची खोली कुठली, जातं कुठं रोवलं होतं, विटाळाला बसायची जागा कुठली, भांडण झालं की कोण कुठं जाऊन रडायचं, हे कुठल्याच दप्तरात नाही. मग खणांची मोजणी करून कागदावर आराखडा काढा, प्रत्येक खोलीला घरात वापरत तेच नाव लिहा: सोपा, माजघर, पडवी, जे असेल ते. दाराच्या गणेशपट्टीचा, तळखड्यांचा, भिंतीवर कोळशानं मांडलेल्या हिशेबांचा फोटो घ्या. लाकूड विकणार असाल तर खांब उतरवताना मागची बाजू पाहा. सुतारांनी जुळणीसाठी कोरलेल्या खुणा तिथे असतात, आणि त्या वाड्यावर असलेली त्यांच्या हातची एकमेव सही तीच.